कावस नानावटी: तीन गोळ्या, एक टॉवेल आणि बॅलिस्टिक्सची साक्ष

बंद खोलीत दोन माणसं. गोळ्या सुटतात, एक जागीच मरतो. दुसरा बाहेर येऊन सांगतो, की त्याने शस्त्राकडे झेप घेतली, झटापट झाली आणि त्यात गोळी सुटली. पाहणारं तिसरं कोणी नाही. मग खरं काय झालं, हे ठरवायचं कसं?

स्वसंरक्षणाचा दावा असलेल्या बहुतेक गोळीबारांत प्रश्न इथेच अडतो. भारतात या प्रश्नाची सगळ्यात गाजलेली परीक्षा १९५९ साली मुंबईत झाली. त्या खटल्यावर सिनेमे निघाले, वेब सिरीज आली. पण चर्चा कायम प्रेमप्रकरणाची, ज्यूरीची आणि वर्तमानपत्रांची झाली. जखमा काय सांगत होत्या, यावर फार कमी लिहिलं गेलं. म्हणून आज कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांचं आयुष्य त्या बाजूने पाहू.

नौदलातला उमदा अधिकारी

नानावटींचा जन्म १९२५ चा, पारशी कुटुंबातला. इंग्लंडमधल्या डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात त्यांचं प्रशिक्षण झालं. १९४९ मध्ये पोर्ट्समथच्या नोंदणी कार्यालयात त्यांनी एका इंग्रज तरुणीशी लग्न केलं. पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. बदल्या होत होत संसार शेवटी मुंबईत स्थिरावला.

१९५९ मध्ये ते 'आयएनएस म्हैसूर' या क्रूझरवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. ब्रिटिश नौदलातली 'नायजेरिया' ही युद्धनौका भारताने विकत घेतली आणि १९५७ मध्ये ती या नावाने आपल्या नौदलात आली. अशा जहाजावरचा दुसरा माणूस म्हणजे शिस्तीचा आणि शस्त्रं हाताळण्याची सवय असलेला माणूस. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

नौदलाची नोकरी म्हणजे महिनोन्‌महिने घराबाहेर. त्या काळात त्यांच्या पत्नीची ओळख प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी झाली होती आणि ओळखीचं रूपांतर संबंधात झालं होतं. १८ एप्रिल १९५९ ला नानावटी जहाजावरून घरी परतले. पत्नी तुटक वागते, हे त्यांच्या लक्षात आलं. २७ एप्रिलला दुपारी त्यांनी विचारलं आणि पत्नीने सगळं कबूल केलं.

अहमदनगरचं निमित्त

त्यानंतरचे तीन तास न्यायालयाने मिनिटामिनिटाने तपासले.

नानावटींनी पत्नीला आणि मुलांना गाडीतून सिनेमाला नेऊन सोडलं, सहा वाजता न्यायला येतो म्हणाले. मग ते जहाजावर गेले. तिथे त्यांनी सांगितलं, की रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे, म्हणून सोबतीला रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या हव्यात. धाराशिव, भूम, परांडा भागातल्या वाचकांना नगरचा रस्ता माहीत आहेच. रात्रीच्या प्रवासाला हत्यार सोबत असावं, हे कारण त्या काळी कोणालाही पटण्यासारखं होतं. पण ते खरं नव्हतं. आपल्याला स्वतःवर गोळी झाडून घ्यायची होती, असं नानावटींनी नंतर न्यायालयात सांगितलं.

रिव्हॉल्वर तपकिरी पाकिटात घालून ते आधी आहुजांच्या ऑफिसात गेले. तिथे ते नव्हते. मग सेटलवाड रोडवरच्या 'जीवन ज्योत' इमारतीत पोचले. नोकराने दार उघडलं. नानावटी थेट बेडरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते, कमरेला फक्त टॉवेल होता. दुपारचे सुमारे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मिनिटभराच्या आत सगळं संपलं आणि आहुजांचा मृतदेह बाथरूममध्ये पडला होता.

नानावटी बाहेर पडले, इमारतीच्या पहारेकऱ्याशी बोलले आणि गाडी घेऊन गेले. थोड्याच वेळात ते पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यासमोर हजर झाले.

दोन गोष्टी, एकच खोली

बचाव पक्षाची मांडणी अशी होती. नानावटींनी आहुजांना विचारलं, की तू तिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळणार का? उत्तर अपमानास्पद आलं. संतापलेल्या नानावटींनी पाकीट जवळच्या कपाटावर ठेवलं आणि ते मारायला सरसावले. आहुजांनी अचानक पाकिटाकडे हात घातला. नानावटींनी झटकन रिव्हॉल्वर बाहेर काढून मागे हो म्हटलं, दोघांची झटापट झाली आणि त्यात दोन गोळ्या चुकून सुटल्या.

कायद्याच्या भाषेत हा बचाव अपघाताचा होता. त्याला पर्याय म्हणून गंभीर आणि अचानक चिथावणीचा मुद्दाही होता. पण गोष्टीचा सांगाडा स्वसंरक्षणाच्या दाव्याचाच आहे: हात आधी त्याचा गेला, मला शस्त्र काढावं लागलं. म्हणून अशा कोणत्याही दाव्याची तपासणी कशी होते, हे समजून घ्यायला ही केस चांगली आहे.

सरकारी पक्ष म्हणत होता, की झटापट झालीच नाही. शस्त्र घेऊन शोधत जाणं, गाठणं आणि गोळ्या घालणं, एवढंच घडलं.

दोन गोष्टींपैकी खरी कोणती, हे ठरवायला आता वस्तूंकडे वळावं लागतं.

पहिली साक्ष: चाप

नानावटींनी घेतलेलं शस्त्र .३८ बोअरचं रिव्हॉल्वर होतं. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या एका फिरत्या सिलिंडरमध्ये असतात. चाप, म्हणजे ट्रिगर ओढला, की सिलिंडर एक घर पुढे सरकतं, घोडा मागे जाऊन आपटतो आणि एक गोळी सुटते. दुसरी गोळी हवी तर चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. मशिनगनसारखं एकदा दाबलं आणि गोळ्या सुटत राहिल्या, असं इथे होत नाही. घोडा आधी हाताने मागे ओढलेला नसेल, तर चाप बराच जड लागतो, कारण बोटालाच घोडा उचलायचा आणि सिलिंडरही फिरवायचं असतं.

शवविच्छेदनात तीन गोळ्यांच्या जखमा निघाल्या. छातीवर उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक, डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेमधून आरपार गेलेली दुसरी, आणि डोक्याच्या डाव्या बाजूला कवटी फोडणारी तिसरी. आरोपी दोन गोळ्यांबद्दल बोलत होता आणि शरीर तीन गोळ्यांबद्दल.

झटापटीत एकदा बोट चापावर आवळलं जाऊ शकतं. तेच तीनदा होणं, प्रत्येक वेळी चाप पूर्ण सुटणं आणि पूर्ण ओढला जाणं, आणि प्रत्येक वेळी नळी समोरच्याकडेच असणं, हे सगळं अपघाताने जुळून यायला हवं. शस्त्र रोज हाताळणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे पटणं आणखी अवघड.

दुसरी साक्ष: काजळी आणि गोंदण

बॅलिस्टिक्समधला सगळ्यात उपयोगी धडा या केसमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गोळी सुटते तेव्हा नळीतून फक्त गोळी बाहेर येत नाही. मागोमाग आग, गरम वायू, काजळी आणि दारूचे अर्धवट जळालेले कण येतात. हे सगळं हलकं असल्यामुळे लांब जात नाही. नळी कातडीला जवळजवळ टेकलेली असेल, तर कातडी भाजते. थोड्या अंतरावर काजळी बसते. आणखी थोड्या अंतरावर काजळी पोचत नाही, पण दारूचे कण कातडीत घुसून बारीक काळे ठिपके पडतात. याला तज्ज्ञ टॅटूइंग म्हणतात, आपण गोंदण म्हणू. तव्याची काजळी बोटाने पुसली जाते, गोंदण पुसलं जात नाही, इथेही तसंच. अंतर आणखी वाढलं, की उरतं फक्त भोक.

मूठभर रेती भिंतीवर फेकून पाहा. जवळून फेकली तर एकाच ठिकाणी दाट डाग, लांबून फेकली तर विखुरलेले कण, आणि फारच लांबून फेकली तर भिंतीपर्यंत काही पोचतच नाही. शस्त्र आणि काडतूस बदललं, की ही अंतरं बदलतात. म्हणून प्रयोगशाळेत तेच शस्त्र आणि त्याच जातीचं काडतूस घेऊन वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडतात आणि ठसे जुळवून पाहतात.

आता नानावटी प्रकरणातली नोंद पाहा. काळं गोंदण सापडलं ते डाव्या हाताच्या अनामिकेवर आणि मधल्या बोटावर. छातीच्या आणि डोक्याच्या जखमेच्या वर्णनात गोंदण नाही. डोक्यावर केस असतात, ते काजळी अडवू शकतात. पण आहुजांची छाती उघडी होती, कारण अंगावर टॉवेलशिवाय काही नव्हतं. म्हणजे गोळी सुटताना हात नळीच्या जवळ होता आणि छाती बरीच लांब.

याचे दोन अर्थ लागू शकतात. हात रिव्हॉल्वर हिसकावत असेल, किंवा गोळी अडवायला समोर धरला असेल. हाताची जखम एकटी पाहिली तर दोन्ही शक्य आहेत आणि हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण दोघं एकमेकांना भिडलेले असतील, तर छातीची गोळीही जवळूनच सुटायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी हाच मुद्दा धरला: जखमा हेतुपुरस्सर गोळीबाराशी जुळतात, आणि मुख्य जखमा घट्ट पकडीतल्या अपघाताशी अजिबात जुळत नाहीत.

जखमेचं भोक गोळीपेक्षा लहान कसं?

छातीवरच्या जखमेचा व्यास पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर नोंदवला आहे. .३८ ची गोळी साधारण ९ मिलिमीटर जाडीची असते. मग मोठी गोळी लहान भोकातून आत गेली कशी?

कातडी रबरासारखी ताणते. गोळी आत शिरताना ती ताणली जाते आणि नंतर आक्रसते. त्यामुळे भोकाच्या मापावरून गोळीचं माप ठरवायचं नसतं. आत शिरताना गोळी कडेची कातडी खरवडते आणि भोकाभोवती एक कडं उमटतं. गोळी आत कुठून गेली हे त्यावरून कळतं. कडं एका बाजूला जास्त रुंद असेल, तर गोळी त्या बाजूने तिरकी आली असं समजतं. नानावटी प्रकरणात छातीच्या जखमेला असं कडं उजव्या बाजूला होतं.

तिसरी साक्ष: टॉवेल आणि घड्याळ

सगळ्यात साधा पुरावा प्रयोगशाळेतला नव्हताच. मृतदेह सापडला तेव्हा आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, विस्कटलेलासुद्धा नव्हता.

अंघोळीनंतर गुंडाळलेला टॉवेल नुसतं भराभर चाललं तरी सैल होतो. दोन धडधाकट पुरुष जिवाच्या आकांताने एका रिव्हॉल्वरसाठी झटत आहेत, त्यातला एक गोळ्या लागून बाथरूममध्ये कोसळतो, आणि तरी टॉवेल तसाच राहतो? न्यायालयाला हे पटलं नाही. जोडीला वेळ होता. आत जाणं, बोलणं, भांडण, पाकिटाकडे झेप, झटापट, तीन गोळ्या, हे सगळं एका मिनिटाच्या आत बसवावं लागत होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नंतरचं वागणं. खाली आल्यावर नानावटींनी पहारेकऱ्याला मारण्याचं कारण सांगितलं, पण ते चुकून झालं असं म्हटलं नाही. जो खरोखर झटापटीतून वाचून येतो, तो साधारणपणे पहिल्याच वाक्यात ते बोलतो, असा न्यायालयाचा तर्क होता.

आठ विरुद्ध एक

एवढं असूनही ज्यूरीने काय ठरवलं? ऑक्टोबर १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं.

रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू उघडपणे लावून धरली होती. पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी आणि समोर श्रीमंत विलासी व्यापारी, असं चित्र लोकांच्या मनात बसलं होतं. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्वर नावाची खेळणी विकली जात, असं त्या काळच्या आठवणींत येतं. गंमत अशी, की ज्या टॉवेलने बचाव पाडला, तोच लोकांनी थट्टेचा विषय केला. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला उरली होती ती त्याची बहीण आणि त्याच्या अंगावरच्या जखमा.

सत्र न्यायाधीश मेहता यांना हा निकाल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे सरकारची बाजू पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने नानावटींना खुनासाठी जन्मठेप दिली.

त्यानंतर दोनच महिन्यांत, १ मे १९६० ला, मुंबई राज्य संपून महाराष्ट्र राज्य झालं. आपला उस्मानाबाद जिल्हा १९५६ पासून मुंबई राज्यात होता, तोही त्याच दिवशी महाराष्ट्रात आला. म्हणून कायद्याच्या पुस्तकात आधीचा वाद नानावटी विरुद्ध मुंबई राज्य आणि शेवटचा नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य असा सापडतो.

२४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. चिथावणीचा मुद्दाही टिकला नाही. दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या. मधल्या जवळपास तीन तासांत माणसाला सावरायला पुरेसा वेळ होता, असं न्यायालयाने म्हटलं.

सुटका आणि शेवट

नानावटी तुरुंगात फार काळ राहिले नाहीत. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्याच सुमारास सिंधी समाजातले स्वातंत्र्यसैनिक भाई प्रताप यांनाही माफी मिळाली. पत्नीशी त्यांचा समेट झाला होता. १९६८ मध्ये हे कुटुंब कॅनडाला गेलं आणि टोरांटो भागात शांतपणे राहिलं. नानावटी २००३ मध्ये तिथेच वारले.

हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला होता, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. ज्यूरीची पद्धत त्यानंतरही काही ठिकाणी चालू होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपली.

आज धाराशिवमध्ये असं घडलं तर?

कायद्याची पुस्तकं बदलली, तपासणी तीच आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतलं तर समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क जातो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. गुन्हा सिद्ध करायची मूळ जबाबदारी सरकारची. पण मी बचावासाठी गोळी झाडली किंवा ती अपघाताने सुटली, हा अपवाद दाखवायची जबाबदारी आरोपीची, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०८ सांगतं. जुन्या कायद्यात हेच कलम १०५ होतं आणि त्याचा अर्थ समजावताना वकील आजही नानावटी निकालाचा आधार घेतात. आरोपीला मात्र शंभर टक्के पुरावा द्यावा लागत नाही. आपली गोष्ट जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं.

म्हणूनच जागेवरचा पुरावा सरकारइतकाच आरोपीच्याही कामाचा असतो. खरोखर जीव वाचवायला गोळी झाडलेल्या माणसाच्या बाजूने साक्षीदार नसेल, तर काजळी, गोंदण, फाटलेला सदरा आणि अंगावरचे ओरखडे हेच त्याचे साक्षीदार. घटनेनंतर जागा धुऊन काढली, मृतदेह हलवला, कपडे बदलले किंवा शस्त्र पुसून कपाटात ठेवलं, तर हे साक्षीदार गप्प होतात आणि उलट संशय वाढतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर येऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ते येईपर्यंत जागा जशीच्या तशी राहणं गरजेचं आहे. पोलिसांना लगेच कळवा, जखमीला दवाखान्यात न्या आणि बाकी कशाला हात लावू नका.

बॅलिस्टिक्सला मनातलं वाचता येत नाही. नानावटींच्या डोक्यात त्या दुपारी स्वतःला संपवायचा विचार होता की दुसऱ्याला, हे कोणतंही सूक्ष्मदर्शक सांगू शकलं नसतं. त्याने सांगितलं ते एवढंच: किती गोळ्या सुटल्या, नळी किती जवळ होती आणि कोणती गोष्ट त्या खोलीत बसत नाही. आठ ज्यूरींना माणूस पटला होता. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने आधी जखमा वाचल्या आणि मग माणसाचं म्हणणं तपासलं.